‘डायनॅमिक स्कोप’ : गतिमान की हाकेची?

नांदेड : प्रोग्राममध्ये एखाद्या नावाची किंमत कुठं शोधायची, त्याचा एक नियम म्हणजे ‘डायनॅमिक स्कोपिंग’. त्याला मराठीत काय म्हणावं? पोरांना शिकवायलोय. फळ्यावर ‘गतिमान व्याप्ती’ लिहिलं, तर मागून एकजण म्हणतो, “सर, ती पळते का?”

लातूर : सर, पोरगं बरोबर बोललं. इथं पळत काहीच नाही. हाक कुणी मारली, म्हणजे कुठल्या फंक्शननं (प्रोग्रामच्या तुकड्यानं) कुठल्याला कामाला बोलावलं, एवढाच मामला. मोंढ्यातल्या एका अडतीसाठी मी बॅश या कमांडच्या भाषेत स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिली होती. सगळ्यांत बाहेर भाव=4200, सोयाबीनचा. ‘पट्टी’ हे फंक्शन तो भाव वाचून हिशोबपट्टी छापायचं. ‘तूर’ फंक्शनात लोकल (त्या फंक्शनात ठेवलेला) भाव=7000 ठेवून आतूनच ‘पट्टी’ला हाक मारली की पट्टी 7000 नं निघायची. मी खूश. मग ‘हमाली’ लिहिलं, पोत्यामागं 12 रुपये, म्हणून त्यातही लोकल भाव=12, आणि शेवटी तिथूनच ‘पट्टी’ला हाक. सोयाबीन निघालं 12 रुपये क्विंटल! शेतकऱ्याच्या हातात पडायच्या आत दिसलं म्हणून वाचलो.

‘पट्टी’कडं स्वतःचा भाव नाही. मग बॅश हाक मारणाऱ्याकडं बघतं, तिथं नसला तर त्याला ज्यानं हाक मारली त्याच्याकडं. माजघरातली उतरंड आठवा. शेवटची हाक म्हणजे सगळ्यांत वरचं मडकं, शोध वरून खाली. फंक्शन संपलं की मडकं उतरलं, भाव परत 4200.

परभणी : उतरंड झकास! चालू हाकांची जी रास असते, त्या ‘कॉल स्टॅक’लाही हाच शब्द घ्या. पण याच्या उलट जी ‘लेक्सिकल स्कोप’, तिला काय? ‘कोशीय’ म्हणावं तर इथं कोश कुठला?

लातूर : ‘बांधाची व्याप्ती’ म्हणा. फंक्शन ज्या बांधाच्या आत लिहिलं, तिथलाच भाव. पायथनमध्ये हीच ‘पट्टी’ लिहिली तर ‘तूर’मधून बोलवा नाहीतर ‘हमाली’मधून, 4200च.

बीड : भर घालतो. प्रोग्रामिंगच्या जुन्या भाषांत सुरुवातीची लिस्प हाकेची, अल्गोल 60 बांधाची. 1975 मध्ये स्कीम या भाषेनं लिस्पच्या घराण्यात बांध घातला. त्याच घराण्यातल्या कॉमन लिस्पमध्ये आजही हाकेची चलं (किंमत ठेवायची नावं) असतात, पण रिवाजानं त्यांच्या नावाला दोन्ही बाजूंनी तारांकन (*) लावतात, वाचणारा सावध होतो. पर्ल या भाषेत गंमत बघा : चल जाहीर करायला ‘माय’ बांधाचं आणि ‘लोकल’ हाकेचं. नावावर जाल तर फसाल. लातूरकर त्यातच फसले, बॅशचं ‘लोकल’ही हाकेचंच.

नांदेड : बरं, ‘हाकेची व्याप्ती’ लिहितो. फक्त मागच्या बाकावरचे ढोरं हाकायला निघतील.

परभणी : मग ‘हाकेनुसार’ लिहा, सर.