विषय: प्रश्न ७ – विल्सन कोणते? (गुरुवारी छपाई!)

सुजाता:
प्रश्नमंजूषेच्या उत्तरपत्रिकेत भंडारदरा धरणापुढे 'जॉन विल्सन' आलंय. चूक आहे. धरण लेस्ली विल्सन यांच्या नावाचं. ते १९२३ ते १९२८ मुंबईचे गव्हर्नर होते, १९२६ ला उद्घाटन त्यांनीच केलं. जॉन विल्सन १८७५ लाच वारले. आजच बदला.

किरण:
माझा प्रश्न मुंबईच्या चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजचा होता, उत्तर बरोबरच होतं. प्रश्न कोणी बदलला आणि उत्तर तसंच ठेवलं? प्रश्नमंजूषा सहा वर्षं मी करतोय. फाइलला हात लावण्याआधी एक फोन करा.

अरविंदकाका:
किरण, कॉलेजचा प्रश्न राहू दे रे. जॉन विल्सन स्कॉटलंडमधल्या लॉडरचे, १८२९ ला मुंबईत आले, मराठी शिकले, १८३२ ला शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ ला इथेच मुंबईत गेल्या. त्यांचं नाव कोणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शोभा:
काका, 'इथेच' नाही, आपण ब्रिस्बेनमध्ये आहोत :)
वडील पाटबंधारे खात्यात होते, माझं बालपण भंडारदऱ्याचं. अंब्रेला फॉलला पाणी सोडलं की समोरच्या पुलावरून जाताना दप्तराच्या आतल्या वह्याही दमट व्हायच्या. धरणाचा प्रश्न कृपया काढू नका.

मंदार:
दोघे विल्सन नात्यातले होते का? मुलगी विचारतेय, तिच्या वर्गात दोन आहेत.

सुजाता:
नाही. विल्सन म्हणजे विलचा मुलगा, आणि विल हे विल्यमचं घरातलं नाव. गावोगाव कोणीतरी विल असायचाच, त्यामुळे नावं वेगवेगळ्या घरांत आपापली पडली. गावोगावचे पाटील एका घराण्याचे नसतात, तसंच.

किरण:
ठीक. पण मग ब्रिस्बेनकरांसाठी खरा प्रश्न राहिलाच की! हेच लेस्ली विल्सन १९३२ ते १९४६ आपल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते. प्रवरेवरचं धरण आणि आपलं राज्य, दोन्हीकडे एकच माणूस. प्रश्न ७ असा करतो: 'मुंबई इलाखा आणि क्वीन्सलँड, दोन्हींचे गव्हर्नर कोण?' ८ ला कॉलेज, ९ ला मार्गारेट. दहाच प्रश्न आहेत, म्हणून मोदकाचे दोन काढतो.

शोभा:
आणि धरण?

किरण:
सातव्यातच घेतो: 'भंडारदऱ्याच्या धरणाला ज्यांचं नाव आहे ते...' उद्या दुपारी फाइल पाठवतो. तोवर कोणी उघडू नका.