मिर्को 'क्रो कॉप' खरंच खासदार होता का?

प्रश्न:
माझी लेक किकबॉक्सिंग शिकते. तिचे सर सारखं मिर्को फिलिपोविचचं नाव घेतात. तो खासदारही होता म्हणे?

प्रतिसाद १:
हो ताई. क्रोएशियाच्या दहशतवादविरोधी पोलीस पथकात होता, म्हणून 'क्रो कॉप'. २००३ मध्ये संसदेत निवडून गेला, तरी लढती चालूच! २००६ मध्ये ऐन वाढदिवशी जपानमध्ये प्राइड ग्रां प्री ही मिश्र मार्शल आर्ट्सची (एमएमए) मोठी स्पर्धा जिंकली. उपांत्य लढतीत वांडरले सिल्वाला डाव्या लाथेने आडवा केला. ती लाथ मी कितीदा पाहिलीय! नडगी थेट डोक्यावर.

प्रतिसाद २:
मला २०१३ची लढत जास्त भावते. वय ३८, घरचं झाग्रेब (क्रोएशियाची राजधानी), आणि के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेचं विजेतेपद. पोराने किती वर्षं वाट पाहिली होती त्याची! २०१९ मध्ये पक्षाघाताच्या झटक्यानंतर थांबला. फार वाईट वाटलं.