चष्म्याशिवायही व्हीआर असतं

व्हीआर म्हणजे संगणकाने उभं केलेलं आभासी जग, एरवी डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा लावून बघायचं. "ज्याला दिसतच नाही त्याला व्हीआरचा काय उपयोग?" असं काही जण विचारतात. हा मुद्दा पडद्यापुरता ठीक आहे. पण मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१८ मध्ये मांडलेल्या 'केनट्रोलर'चा, म्हणजे अंधांसाठीच्या व्हीआर-काठीचा, सगळा भर स्पर्श आणि आवाजावर होता. हातात काठीची मूठ, कमरेला ब्रेक. आभासी काठी आभासी टेबलाला लागली की ब्रेक आवळतो आणि हात खरोखरच अडतो. टोक जमिनीवर घासलं की मुठीत थरथर जाणवते आणि टकटक त्याच दिशेने ऐकू येते. चाचणीत नऊ जण होते, त्यात रस्ता ओलांडायचा प्रसंगही होता. गाडीखाली यायची भीती नाही, हा सरावासाठी मोठाच फायदा. पुढे २०२० मध्ये काठीला एकाऐवजी तीन अक्षांवर, म्हणजे तीन दिशांनी, अडवणारा ब्रेक आला.

तरी आपल्याकडच्या फुटपाथसाठी एवढ्यावर भागणार नाही. माझा मावसभाऊ पांढरी काठी वापरतो. खड्डा, पायरी, दगड काठीला कळतात. पण उघडी राहिलेली खिडकी, दुकानाची लोंबणारी पाटी, तिरक्या लावलेल्या बाइकचा आरसा थेट अंगावर येतो. काठी खालून जाते ना! असले अडथळे आभासी रस्त्यात मुद्दाम घातले, तर तो पहिला नाव नोंदवेल.