जुळी आहेत, बाळंतपण लवकर होणार का हे रक्तावरून कळतं का?

नमस्कार. माझ्या धाकट्या जावेला विसावा आठवडा चालू आहे, जुळी आहेत. दोन्ही बाळांच्या वारा (प्लॅसेंटा) वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे डॉक्टर त्यातल्या त्यात निश्चिंत. अडचण अशी की आमच्या तालुक्याच्या गावात एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नाही, बाळांना पेटीत ठेवायची वेळ आली तर सांगली गाठावी लागणार. आधीच जाऊन राहावं हे सासूबाईंना पटलंय, पण किती आधी? महिनोन् महिने खोली भाड्याने घेणं परवडणारं नाही.

तिचा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे प्रीटर्म नावाची तपासणी आहे, आयबीपी४ आणि एसएचबीजी या दोन प्रथिनांच्या प्रमाणावरून धोका सांगतात. रक्त एकविसावा आठवडा पूर्ण व्हायच्या आत द्यावं लागतं, म्हणून घाई. इथला लॅबवाला म्हणतो, सीआरपी करून टाका. जुळ्यांमध्ये यातलं काही चालतं का? कुणी केलंय?

प्रतिसाद १
माझ्या वेळी असलं काही नव्हतं. आठव्या महिन्यात माहेरी न जाता हॉस्पिटलजवळच्या नणंदेकडे राहिले, तेच कामी आलं.

प्रतिसाद २
स्त्रीरोग विभागात काम करते म्हणून सांगते. ती प्रीटर्म तपासणी एकाच बाळाच्या गरोदरपणासाठी पारखलेली आहे. जुळ्यांत वारेतून येणाऱ्या प्रथिनांची पातळी मुळातच वेगळी असते आणि पिशवी ताणली जाऊनही कळा लवकर येतात, त्यामुळे एका बाळाचे आकडे इथे लावता येत नाहीत. सीआरपी वाढला तर कुठेतरी सूज किंवा संसर्ग आहे एवढंच कळेल. पीएलजीएफ या वारेतल्या प्रथिनाचं नावही कानावर येईल, पण ते बीपीच्या त्रासासाठी.

त्यापेक्षा आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजून घ्या, २४ आठवड्यांच्या आत. २५ मिलिमीटर किंवा कमी आली तर डॉक्टर पुढचं ठरवतील. पुढे कळा आल्यासारखं वाटलं तर फायब्रोनेक्टिनची तपासणी असते, ती रक्ताची नाही, योनीमार्गातून बोळ्याने नमुना घेतात. निगेटिव्ह आली तर पुढचा आठवडा-दोन आठवडे बऱ्यापैकी धीर. पॉझिटिव्हवर मात्र फार विसंबू नका.

आणि खोलीचं म्हणाल, तर निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत होतात. तेव्हा रिपोर्ट काहीही येवो, सांगलीला नाव आत्ताच नोंदवून ठेवा. बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात ती इंजेक्शनं बाळंतपण आठवड्याभरात होईल असं वाटतं तेव्हाच देतात, आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

धागाकर्ती
खूप आभार. भावाला रक्ताचं नको म्हणून कळवलं. आतून सोनोग्राफीला जाऊबाई घाबरतेय, बाळांना धक्का लागेल म्हणते. फार दुखतं का?

प्रतिसाद २
दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. बाळांना काही होत नाही. लघवी करून मगच झोपायला सांगा, मूत्राशय भरलेलं असलं तर लांबी उगाच जास्त दिसते.