मदत हवी आहे: गिटारच्या फळीचा मधला जोड दोन्ही टोकांना उघडतोय

नमस्कार मंडळी,

नाशिकला सिडकोत राहतो. घरातलं किरकोळ फर्निचर स्वतः करतो, गिटार मात्र पहिलीच. बाजू वाकवून झाल्या, नेक तयार आहे, आणि गाडी अडलीय ती सगळ्यात सोप्या वाटलेल्या कामावर: स्प्रूस या हलक्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या, एवढंच.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी. अकूस्टिक गिटारचं तोंड बहुधा दोन फळ्यांचं असतं. एक जाड फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडतात, म्हणजे दोन्हीकडच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. मधला सांधा आधी नुसत्या डिंकावर उभा. माझ्या फळ्या 4 मिमी जाड आहेत, पुढे 3 च्या आत जातील. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून 70 किलोच्या आसपास, त्यामुळे फट चालवून घेता येत नाही.

मी करतो ते असं. दोन्ही फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकावर एक, कडा शूटिंग बोर्डच्या (फळी टेकवून रंधा सरळ चालवायचा पाट) किंचित बाहेर, आणि 5 नंबरचा रंधा आडवा पाडून मारतो. एकत्र मारल्यामुळे काटकोन थोडा चुकला तरी एकीची चूक दुसरी भरून काढते. शनिवारी रात्री ट्यूबलाइटसमोर दोन्ही कडा भिडवून धरल्या, कुठेच उजेड नाही. खूश होऊन झोपलो. रविवारी जेवणं झाल्यावर डिंक उघडला, सवयीने पुन्हा उजेडात धरलं, तर दोन्ही टोकांना सात-आठ सेंटिमीटर केसाएवढी पांढरी रेघ. किराणाच्या बिलाचा कागद आत जातो. मध्ये असती तर फिकीर नव्हती, तिथला काही भाग साउंडहोलमध्ये, म्हणजे तोंडावरच्या गोल भोकात, कापून जातो. पण खालचं टोक ब्रिजच्या (तारा जिथे फळीला अडकतात ती पट्टी) मागे येतं.

हे चार वेळा झालं. फळ्या प्रत्येकी 210 मिमी रुंद होत्या, आता 204 उरल्यात. आराखड्यात गिटारचा खालचा भाग 400 मिमी रुंद आहे. हिशोब तुम्हीच करा. माझं काय चुकतंय?

प्रतिसाद
बारीक भुसा डिंकात कालवून भरा आणि शिकंजे आवळा. आमचे सुतारकाका हेच करतात. दिसतसुद्धा नाही.

धागाकर्ता
टेबल असतं तर तेच केलं असतं. शिकंजा सुटल्यावर फळी पुन्हा आपल्या जागी जाणार आणि ओढ सगळी त्या भुशावर.

प्रतिसाद
रंध्याचा दाब बघा. सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटी मागच्या. हे उलटं झालं की दोन्ही टोकं जास्त छिलली जातात आणि कडेला पोट येतं. 5 नंबर 14 इंची असतो, तुमची फळी 22 इंचांच्या आसपास असणार. कुणाकडे त्याहून लांब 7 नंबर मिळाला तर एका रविवारपुरता मागून आणा. पोट आहे का ते उजेडाशिवायही कळतं: एक फळी उभी धरून दुसरी तिच्या कडेवर ठेवा आणि टोकाला हलकेच ढकला. मध्यावर भिंगरीसारखी फिरली तर पोट. टोकं घासत सरकली तर ठीक. आणि शेवटचा हात पॉलिश पेपरचा नको, कडेचे कोपरे गोल होतात.

प्रतिसाद
वरचं सगळं बरोबर, पण हाताची चूक असती तर रेघ शनिवारी रात्रीच दिसली असती ना? पावसाळ्यात फळ्या कुठे होत्या?

धागाकर्ता
माळ्यावर. जूनपासून. प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

प्रतिसाद
मग सापडलं. पावसाळाभर ओल धरलेलं लाकूड, त्यावर नाशिकचं ऑक्टोबरचं ऊन. लाकूड उभ्या टोकांतून सगळ्यात लवकर सुकतं आणि सुकताना रुंदीत आकसतं. टोकं आधी आकसली, मधला भाग मागे राहिला, फट तिथेच पडणार. जुने लोक म्हणूनच मध्ये नावापुरती पोकळी ठेवायचे, फक्त मधल्या भागावरून एक छिलका. टेबलाच्या फळीला ते चालतं, 4 मिमीला मी जपून करीन.

खात्री करायची तर एकदाच रंधा मारा, लगेच बघा, मग दोन तासांनी बघा. तोवर दुसरा छिलका काढू नका.

धागाकर्ता
केलं. पातं आधी घासून हातावरचे केस निघतील एवढी धार केली. मारल्याबरोबर पूर्ण काळोख. भिंगरी नाही, टोकं घासतात. दोन तासांनी खालच्या टोकाला रेघ परत हजर! म्हणजे हात ठीक आहे, चार वेळा उगाच लाकूड खाल्लं.

प्रतिसाद
आता दोन-तीन आठवडे दोन्ही फळ्या घरात, मध्ये पट्ट्या ठेवून दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशा ठेवा. साधा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) आणा, 45 टक्क्यांच्या आसपास स्थिर दिवस बघा. त्या दिवशी रंधा आणि डिंक एकाच बैठकीत, मध्ये चहासुद्धा नाही. फार लांबवूही नका. थंडीत निफाडकडे पारा उतरतो तसा तुमच्या बाल्कनीत 10 अंशांखाली गेला, तर डिंक खडूसारखा पांढरा पडतो आणि धरत नाही.

धागाकर्ता
आवळायचं कशाने? शिकंज्यांनी पातळ फळी तंबूसारखी वर उचलली जाते.

प्रतिसाद
एका सपाट पाटावर दोन पट्ट्या ठोका, एका बाजूला लाकडी पाचरा. सांध्याखाली प्लास्टिक (वर्तमानपत्र नको, ते चिकटतं), वर प्लास्टिक लावलेली पट्टी आणि तिच्यावर वजन. पाचर हाताने ढकलायची, फार तर एक टिचकी. डिंकाचे बारीक मणी ओळीने आले की थांबा.

धागाकर्ता, अठरा दिवसांनी
लागला. मणी टोकापासून टोकापर्यंत आले. एक रात्र ठेवला, सकाळी दाराच्या काचेवर धरून पाहिला, सांधा कुठे आहे ते रेषांच्या आरशावरूनच शोधावं लागलं. रुंदी 203 उरली. पाठीसाठी शिसम आणलाय, तोही त्याच माळ्यावर होता, आता खाली काढून ठेवलाय. तेलकट लाकूड डिंकाआधी कशाने पुसता, ते सांगा.