गणिताला जात नसते. मास्तरला असते. फरक पडतो का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

परवा आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत प्रशिक्षण द्यायला आलेल्या एका साधनव्यक्तीने ठासून सांगितलं, "वर्गात शिरताना आपली जात, गाव, बाई-पुरुषपण सगळं चपलांसोबत बाहेर काढून ठेवा. गणित आणि विज्ञान तटस्थ विषय आहेत." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. गाडीवरून घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पाचवीला आहे. आईवडील ऊसतोडीला जायचे, मीही सहावीपर्यंत त्यांच्यासोबत फडावर, म्हणजे उसाच्या रानात, असायचो. अपूर्णांक म्हटलं की चपातीचे नाहीतर केकचे तुकडे करायचे ही आपली रीत. यंदा मी दिवाळीच्या आधी वर्गात नुसतंच विचारलं, "अर्धा कोयता म्हणजे काय रे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मजूर जमवणारा मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो तीही कोयत्यावर. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता.

एकच गलका झाला. "सर, माझा चुलता अर्धा कोयता हाय, त्याचं लगीनच न्हाई झालं." दोन अर्धे मिळून एक, तीन अर्धे म्हणजे दीड, पाच अर्धे म्हणजे अडीच. खडू हातात घ्यायच्या आत निम्मा धडा झाला. मग मागून एकजण म्हणाला, "सर, मंग मी पाव कोयता." वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधतो आणि धाकट्या बहिणीला सांभाळतो, म्हणून पाव. पोरं हसली. हिशोब त्याचा चोख होता.

हा प्रश्न मला सुचला तो बीएडमुळे नाही, फडावर राहिल्यामुळे. पण आता दुसरी बाजू. शेजारच्या वर्गाच्या बाई एकदा माझ्या तासाला मागे बसल्या आणि कागदावर नुसत्या रेघा मारत राहिल्या. तास संपल्यावर कागद दिला: मी मुलांना 14 प्रश्न विचारले होते, मुलींना 3. कोयत्यातलं निम्मं माणूस बाई असते हे मला फळ्यावर बरोबर मांडता येतं, वर्गात मात्र दिसलं नव्हतं.

तर चपलांसोबत बाहेर ठेवायचं की आत न्यायचं? बोला.

निवृत्त त्रिकोण

34 वर्षं गणित शिकवलं, म्हणून हक्काने लिहितो. काटकोन त्रिकोणाचा कर्ण कुणाच्याही घरी जेवायला गेला तरी तेवढाच राहतो.

तुमचा कोयत्याचा तास सुंदरच. पण त्यात तुमचं ऊसतोड्याचं पोर असणं कामी आलं की तुमच्याकडची माहिती? माहिती कुणालाही मिळवता येते. पुण्याहून बदली होऊन आलेला मास्तर पारावर आठ दिवस बसला तर त्यालाही कोयता कळेल. ओळखीवर जोर दिला की पुढची पायरी ठरलेली: आदिवासी पोरांना आदिवासी मास्तर, मुलींना बाई, अमक्यांना अमका. हे मी मनातलं सांगत नाही. आंध्र प्रदेशाने 2000 साली अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांमधल्या शिक्षकांच्या जागा 100 टक्के आदिवासींसाठी राखल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने एप्रिल 2020 मध्ये तो आदेश रद्द केला. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावं ही कल्पनाच न्यायालयाने फार कडक शब्दांत झिडकारली.

सातपुड्याची वाट

काका, निकाल अर्धाच सांगितलात. तो आदेश निघाला कशामुळे? डोंगरातल्या शाळांवर नेमलेले शिक्षक तिथे राहतच नव्हते, शाळा बंद पडल्यासारख्या होत्या, म्हणून. न्यायालयाने 100 टक्के नाकारले, गरज नाकारली नाही. आधी झालेल्या नेमणुकाही अटी घालून राहू दिल्या.

तुमचा तो पारावर आठ दिवस बसणारा मास्तर मला बघायचाय हो. माझ्या 19 वर्षांच्या नोकरीत नंदुरबारातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगरात बदली झाली की लोक पहिल्या दिवसापासून खाली यायचा अर्ज लिहायला घेतात. मी पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलत मोठा झालो. पहिलीतल्या पोराला वजाबाकी येत असते, "किती उरले?" हा प्रश्न कळत नसतो. त्याच्या बोलीत विचारा, बोटं मोडून लगेच सांगतो. तटस्थ गणित त्याच्यापर्यंत पोचतं ते कुणाच्या तरी तोंडातूनच ना?

आकडे बोलतात

दोन्ही बाजूंना थोडं खुपेल असं.

उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती (हॉफ आणि पांडे, 2006 साली प्रसिद्ध). जात कुणी काढली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं सारखीच ठरली. सगळ्यांसमोर नाव-जात पुकारली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. डोकी तीच, कोडी तीच. म्हणजे चपला बाहेर ठेवा म्हणणाऱ्या साधनव्यक्तीकडेही एक मुद्दा आहे.

आता दुसरं. हॅना आणि लिंडन यांनी भारतातच उत्तरपत्रिकांवर जात, लिंग, वय मनाला येईल तसं चिकटवून त्या 120 शिक्षकांकडून तपासून घेतल्या (2012). खालच्या मानलेल्या जातींच्या नावाला गुण थोडे कमी पडले. कुणाकडून? मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतल्याच शिक्षकांकडून. आपला माणूस आपल्याला समजून घेईल हे गृहीत धरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

निवृत्त त्रिकोण

हेच म्हणतोय मी!

बुनसेन बर्नर

थांबा, एवढ्यात नारळ फोडू नका. आंध्रातल्या सरकारी प्राथमिक शाळांचा मुरलीधरन आणि शेठ यांचा अभ्यासही आहे (2016). बाई शिकवायला असल्या की मुलींची प्रगती थोडी जास्त होते आणि मुलांचं काही बिघडत नाही. फरक लहान आहे, पण आहे.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. दहावीच्या भाग 2 मध्ये 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' हा धडा दोन भागांत आहे, त्यातला दुसरा प्रजननाचा. मी रुजू झाले तेव्हा मुली म्हणाल्या, "मॅडम, हा घरी वाचायचा असतो." आधीच्या सरांनी वर्षानुवर्षं तसंच सांगितलं होतं. सर वाईट नव्हते, विद्युतधारा तर माझ्यापेक्षा छान शिकवायचे. लाजायचे, इतकंच. मी अंडाशयाची आकृती फळ्यावर काढली तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत कुणी मान वर केली नाही. मग एकीने वहीच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून वही पुढे सरकवली: पाळी 45 दिवसांनी आली तर आजार असतो का? पुढचे तीन तास आम्ही 28 ही सरासरी आहे, कायदा नाही, यावर घालवले. सरासरी, विस्तार, अपवाद, सगळं आलं. हे सरांनीही करायला हवं होतं का? हो. केलं का? नाही.

अर्थात बाई असणं ही काही जादू नाही. अमेरिकेत 2010 साली 17 बायकांच्या पहिली-दुसरीच्या वर्गांचा अभ्यास झाला. ज्या बाईंच्या मनात गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुलींचं गणित वर्षअखेरीस मागे पडलेलं निघालं, मुलांचं नाही. मीसुद्धा "माझं गणित कच्चं होतं गं" असं मुलींना धीर द्यायला म्हणायचे. आता जीभ चावते.

टेलरफ्रेम

स्क्रीन रीडरवरून वाचतोय, चुका पोटात घाला. मी जन्मांध. आमच्या वेळी दहावीला सरसकट सल्ला असायचा: बीजगणित-भूमिती सोड, सवलत आहे, सातवीचं अंकगणित घे. सल्ला देणारे सगळे प्रेमळ. त्यात एक अंध शिक्षकही होते. त्यांनी स्वतः तीच सवलत घेतली होती.

मला भूमिती शिकवली ती डोळस बाईंनी. रबराच्या चटईवर टाचण्या टोचायच्या, दोरा गुंडाळायचा, आणि स्वतः डोळ्यांवर ओढणी बांधून माझ्यासोबत बोटांनी त्रिकोण शोधायचा. एकदा त्यांचाच कोन चुकला, माझा बरोबर आला. तो दिवस मी विसरणार नाही. त्यामुळे मी काकांच्या बाजूने. म्हणजे तीन चतुर्थांश. कारण ओढणी बांधायची हे त्यांना सुचलं ते त्यांचा भाऊ ऐकू न येणारा होता म्हणून, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

निवृत्त त्रिकोण

टेलरफ्रेम, तुमच्या बाईंना नमस्कार सांगा.

आणखी एक. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' आलं आणि महाराष्ट्रात केवढं रण पेटलं! मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. म्हणणं साधं होतं: लिहिताना सहा आधी, बोलताना तीन आधी, वर जोडाक्षर, लेकरं अडखळतात. कानडीत दशक आधी, एकक नंतरच म्हणतात. जुने शब्दही पुस्तकात ठेवलेच होते. हा विचार करणाऱ्या बाई मोठ्या गणितज्ञ, घर जयंत नारळीकरांचं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची अडचण दिसायला त्या स्वतः पहिल्या पिढीच्या असाव्या लागल्या नाहीत.

सातपुड्याची वाट

हे मान्य, मनापासून. पण 'साठ तीन'ला हसले कोण तेही आठवा. ज्यांच्या घरी 'त्रेसष्ट' आईच्या दुधासोबत मिळालं तेच. बाईंना दिसलं, बाकीच्या शिकल्यासवरलेल्या मराठीला का दिसलं नाही? एखाद्याच्या चांगुलपणावर धोरण कसं उभं करायचं?

आणि तटस्थ फळ्याचं म्हणाल तर एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. मास्तरांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं, आणि सवर्ण पोरं धावली, फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाजूला करायला.

निवृत्त त्रिकोण

तो प्रसंग मीही वर्गात सांगत आलोय. मी नेहमी म्हणायचो, बघा, मास्तरांनी बोलावलं.

सातपुड्याची वाट

आणि आमच्याकडे सांगताना डब्यांवर थांबतात.

निवृत्त त्रिकोण

…हं. हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

चकलीचा सोऱ्या

पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण हा धागा भलताच शहाण्यासारखा चाललाय. अवांतर: आमच्या न्यू जर्सीच्या मराठी शाळेत मुलांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर अजून सांगता येत नाही. मलाही एक सेकंद लागतो.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

सगळ्यांचं वाचलं. हॅना-लिंडन जिव्हारी लागलं. मी 'आपल्या' पोरांच्या वह्या जास्त कडक तपासतो. "तुला दुप्पट करावं लागंल" असं मला माझे गुरुजी म्हणायचे, तेच मी पुढे चालवतोय. त्यात माया किती आणि सूड किती, मला अजून सांगता येत नाही.

काका, माहिती कुणालाही मिळवता येते हे खरं. पण विचारायचं काय हे आधी ठाऊक लागतं. आमच्याकडे चांगले चांगले शिक्षक दहा-दहा वर्षं आहेत, त्यांना कोयता म्हणजे हत्यार एवढंच माहीत. मुलींच्या बाबतीत मी त्यांच्यातलाच एक. सध्या चिठ्ठ्या टाकून नाव काढतो. पहिल्या आठवड्यात मुली रडकुंडीला आल्या, आता एकजण चिठ्ठी निघायच्या आधीच उठते.

निवृत्त त्रिकोण

नातीला घालायला एखादं कोयत्याचं उदाहरण द्या.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

घ्या. एका टोळीत 9 पूर्ण कोयते आणि 3 अर्धे. एकूण कोयते किती? माणसं किती?

निवृत्त त्रिकोण

कोयते साडेदहा. माणसं 21. एकवीस म्हणा नाहीतर वीस एक.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

बरोबर. लेकरं त्यात धरत नाहीत. आमचा 'पाव कोयता' याच टोळीसोबत गेलाय. हंगामी वसतिगृहात त्याचं नाव घातलं होतं, पण आई म्हणाली धाकटीला कोण बघणार. आज्जीला काल विचारलं, पाडव्यापर्यंत येतील म्हणाली. पटावर आहे अजून.