खेळाडूंनीच भरवलेले गेमिंग संमेलन: सुरुवात आणि प्रसिद्धी कशी होते?

सातपूरकर:
आम्ही सात-आठ मित्र दर रविवारी एकमेकांच्या घरी जमून व्हिडिओ गेम खेळतो. आता नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात एखादा हॉल घेऊन दोन दिवसांचे संमेलन भरवावे, असे मनात आहे. पाठीशी कोणतीही कंपनी नसताना परदेशातील हौशी खेळाडूंनी अशी संमेलने कशी उभी केली आणि ती लोकांपर्यंत कशी पोहोचवली? फलक आणि जाहिरातींवर मोठा खर्च केल्याशिवाय गर्दी जमणार नाही, असे आमच्यातील काहींचे मत आहे.

पंचवटीकर:
मला ते मत पटत नाही. क्वेक या नेमबाजीच्या गेमच्या खेळाडूंनी भरवलेल्या क्वेककॉन या संमेलनाची सुरुवात १९९६ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या गारलंड येथील एका हॉटेलात झाली. क्वेक खेळणारी मंडळी आयआरसी या इंटरनेटवरील गप्पांच्या जुन्या माध्यमातील एका चॅनेलवर रोज बोलत असत आणि तेथेच प्रत्यक्ष भेटण्याचा बेत ठरला. सुरुवातीला जेमतेम तीसेक जणांचे येणे ठरले होते, आणि प्रत्येकाने आपला संगणक उचलून आणायचा, एवढीच अट होती. खेळ बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरचे कार्यालय जवळच मेस्किट येथे होते, आणि त्या कंपनीचे जॉन कार्मॅक स्वतः येऊन खेळाडूंशी बोलले. जे आधीपासून एकमेकांशी बोलत होते त्यांनाच बोलावले गेले, म्हणून वेगळी जाहिरात लागली नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथे स्ट्रीट फायटर हा मारामारीचा गेम खेळणारे ४० जण ‘बॅटल बाय द बे’ या स्पर्धेसाठी जमले. पुढे २००२ मध्ये तिचेच नाव इव्हो झाले. तेव्हा तुम्ही आधी आपल्या शहरातील महाविद्यालयांच्या आणि गेमिंग कॅफेंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत शिरा, तेथे नियमितपणे बोला आणि मगच तारीख जाहीर करा.

इंदिरानगरवासी:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र ओळखीच्या वर्तुळाबाहेरचे लोक यावेत असे वाटत असेल, तर खेळाला दुसऱ्या एखाद्या आवडीची जोड द्यावी लागते. व्हर्जिनियातील रोनोक येथे २००२ मध्ये सुरू झालेल्या मॅगफेस्ट या संमेलनाने गेमच्या संगीताला महत्त्वाचे स्थान दिले, आणि माझ्या मते त्याचा विस्तार होण्यामागे हे मोठे कारण आहे. नाशिकमध्ये गाणारी आणि वाजवणारी मुले भरपूर आहेत, त्यांना एक संध्याकाळ द्या.

हॉल ठरवण्यापूर्वी मात्र विजेची चौकशी अवश्य करा. मॉनिटरसह एक गेमिंग संगणक साधारण ४०० ते ५०० वॅट वीज घेतो, त्यामुळे ३० संगणकांसाठी १२ ते १५ किलोवॅट लागतात. १५ अँपिअरच्या एका सॉकेटवर सहाहून अधिक संगणक जोडणे धोक्याचे आहे. पंखे, दिवे आणि ध्वनिव्यवस्था यांचा भार वेगळाच. मंगल कार्यालयात जनित्र असेल, तर त्याची क्षमता लेखी विचारून घ्या. तसेच तारीख २०२७ च्या सिंहस्थातील मुख्य पर्वकाळात येणार नाही, हे पाहा. त्या दिवसांत बाहेरगावच्या खेळाडूंना राहायला जागा मिळणे कठीण जाईल.

सातपूरकर:
मनःपूर्वक आभार. फलकांचा खर्च रद्द करून ती रक्कम जनित्रासाठी बाजूला ठेवली आहे. पहिल्या भेटीसाठी २५ जणांचीच मर्यादा ठरवली असून, ज्यांच्याशी आम्ही आजवर खेळलो आहोत त्यांच्यापासूनच निमंत्रणे सुरू करत आहोत.